वाट पाहण्याचा दर

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाला नमस्काराच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो. "किती घेणार?" सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात मी गेली बावीस वर्षं या प्रश्नाला न अडखळता उत्तर देत आलो आहे. साखरपुडा इतके, हळद इतके, लग्न इतके, हळद आणि लग्न दोन्ही दिलंत तर ड्रोन आमच्याकडून. समोरचा माणूस बघून पाच हजार चढवायचे आणि घासाघीस झाली की तेच पाच हजार मोठ्या मनानं उतरवायचे. तो खूश, मी खूश. या धंद्यात अर्थशास्त्र म्हणतात ते एवढंच.

त्यामुळे जूनमध्ये आमच्या हायस्कूलच्या संस्थेचे सचिव आबा यांचा फोन आला, तेव्हा घरात कुणाचं तरी लग्न निघालं असणार असं समजून मी वही ओढली.

"शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे जानेवारीत," आबा म्हणाले. "सिनेमा करायचाय. सिनेमा म्हणजे मालिका. आपल्या खो-खोच्या पोरी, कबड्डीची पोरं, पार मैदानापासून घरापर्यंत. सहा भाग. किती घेणार बोल."

पेन वहीवर टेकलेलं होतं. ते तसंच राहिलं.

या मालिकेचं मूळ टेक्सासात होतं. शाळेचा एक माजी विद्यार्थी डॅलसजवळ स्थायिक आहे. तिकडे शुक्रवारी रात्री सारं गाव हायस्कूलच्या पोरांचा फुटबॉल बघायला लोटतं. फुटबॉल म्हणजे तो त्यांचा, हातात घेऊन पळायचा. ओडेसा नावाच्या गावातल्या एका शाळेच्या संघाचा १९८८ सालचा हंगाम एका पत्रकारानं पुस्तकात उतरवला. पुढे त्यावर चित्रपट निघाला, मग टीव्हीची मालिका निघाली, आणि आता शाळांच्या संघांमागे कॅमेरे घेऊन फिरणं हा तिथला रीतसर उद्योग झाला आहे. हे सगळं बघून आमच्या माजी विद्यार्थ्याला गावचं मैदान आठवलं. त्यात त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला होता. पुरुषांचा भारतानं जिंकला, महिलांचाही भारतानंच, आणि प्रतीक वाईकर नि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. माणसाला परदेशात भरून यायला एवढं पुष्कळ झालं. त्यानं आबांना तासभर फोन केला आणि पैसे पाठवतो म्हणाला. किती, ते म्हणाला नाही.

त्यानं आबांना आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आबा पुढे सहा महिने गावभर सांगत होते. डॅलसच्या उत्तरेला ॲलन म्हणून गाव आहे. तिथल्या हायस्कूलच्या फुटबॉलसाठी १८ हजार माणसं बसतील असं स्टेडियम बांधलं. खर्च सहा कोटी डॉलर. २०१२ मध्ये ते उघडलं आणि दोन हंगाम होतात न होतात तोच काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद करावं लागलं. दुरुस्ती होऊन ते पुन्हा सुरू झालं, पण हा भाग आबा सांगायचे नाहीत. तडे गेले म्हटल्यावर त्यांना अमेरिका एकदम आपल्या बांधकाम खात्याइतकी जवळची वाटू लागली होती.

तर, किती घेणार?

मी बायकोला विचारलं. आमच्या स्टुडिओत कॅमेरा माझा आणि वही तिची. ती म्हणाली, "आधी अशी एखादी फिल्म बघून तरी घ्या." मग आम्ही दोघांनी दोन रात्रींत मिळून 'हूप ड्रीम्स' बघितली. शिकागोतली दोन कृष्णवर्णीय पोरं, वय वर्षं चौदा, बास्केटबॉल खेळून मोठं व्हायचं स्वप्न. स्टीव्ह जेम्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी ती १९९४ मध्ये आणली. बायकोला पोरं आवडली. मला मात्र त्या फिल्ममागच्या हकिकतीनं झोप लागू दिली नाही. यांनी ठरवलं होतं काय, तर सार्वजनिक टीव्हीसाठी अर्ध्या तासाची छोटी फिल्म. पोरं मोठी होत गेली, हे मागे फिरत राहिले. पाच वर्षं गेली. २५० तासांचं चित्रण साठलं. अर्ध्या तासाची फिल्म पावणेतीन तासांच्या पुढे गेली.

मी लग्नात दहा तास चित्रण करतो आणि तीन तासांची फिल्म देतो. वर पाच मिनिटांचं हायलाइट, जे फक्त नवरानवरीच बघतात आणि तेही पहिल्याच वर्षी. म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांतलं एक मिनिट मी ठेवतो. या मंडळींनी जवळपास नव्वदातलं एक ठेवलं होतं! बाकीच्या एकोणनव्वद मिनिटांत काय होतं? कुणीतरी बसची वाट बघत असणार, कुणीतरी बूट बांधत असणार, कुणाची तरी आई भांडी घासत असणार. आणि त्या प्रत्येक मिनिटाला कॅमेऱ्यामागे एक माणूस उभा होता, ज्याला जेवायला लागतं.

बायकोनं वहीचं कोरं पान उघडलं.

सहा भाग, वीस-वीस मिनिटांचे, म्हणजे दोन तास. शिकागोवाल्यांच्या हिशेबानं १७६ तासांचं चित्रण. दिवसाला आठ तास धरले तर २२ दिवस. माझा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला ४५ जीबी. १७६ तासांचे आठ टीबी होतात. हार्ड डिस्क बसली तर सगळंच बुडालं, म्हणून दुसरी प्रत, सोळा. "आपलं लग्न एका कॅसेटमध्ये बसलं होतं," बायको म्हणाली. मग संकलन. संकलन राहू द्या, काढलेलं सगळं एकदा नुसतं बघायचं म्हटलं तरी आणखी २२ दिवस. त्यात पार्श्वसंगीत. आबांना शेवटी 'चक दे' हवं होतं, आणि सिनेमातलं गाणं असं उचलून लावता येत नाही हे त्यांना पटवून द्यायला लागलेला वेळ मी अजून कुणाच्याच बिलात धरलेला नाही.

बेरीज सहा लाखांच्या वर गेली. बायकोनं ती दोनदा केली, मग वही मिटून चहा ठेवला.

पण माझं अडलं होतं दुसऱ्याच जागी. लग्नात काय घडणार हे ठाऊक असतं. मुहूर्त चुकेल, भटजी घाई करतील, मामा रुसेल, पण नवरी मांडवात येणार आणि अक्षता पडणार हे नक्की. कॅमेरा कुठे ठेवायचा ते मला झोपेत विचारा. शाळेच्या मैदानावर काय घडणार आणि कधी घडणार, हे तिथं खेळणाऱ्यालाही माहीत नसतं. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन ३२६, विनोद ३४९, दोघे नाबाद. धावफलक आज पोरांनाही पाठ आहे. त्या खेळीचं चलच्चित्र मात्र माझ्या कधी पाहण्यात आलेलं नाही. तेव्हा तिथं कॅमेरा असायला हवा होता म्हणून सगळे हळहळतात. त्याच्या आधीचे दोन महिने तो तिथं उभा ठेवायचे पैसे कुणी दिले असते, हे कुणी बोलत नाही. कारण तो सामना घडेपर्यंत शाळा-शाळांचा एक सामना होता, आणि त्या मैदानावर तसे एका वेळी डझनभर चालू असतात.

कॅमेरा नेहमी दुसऱ्या दिवशी येतो. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला आंतरशालेय स्पर्धेत प्रणव धनावडे पहिल्या दिवसअखेर ६५२ वर खेळत होता, आणि दुसऱ्या सकाळी मैदानाभोवती चॅनेलवाल्यांच्या गाड्या लागल्या. १००९ पूर्ण झाल्या त्या साऱ्या देशानं बघितल्या. पहिल्या ६५२ ज्यांनी बघितल्या ते बिचारे क्षेत्ररक्षक होते. मला तर वाटतं, त्या सामन्यावर फिल्म करायचीच तर ती गोलंदाजी करणाऱ्या पोरांवर करावी. त्यांचा स्वतःचा पहिला डाव ३१ धावांत आटोपला होता. त्यानंतर ती दोन दिवस चेंडू आणायला धावत होती. पण त्यांच्यासाठी कोटेशन कोण मागणार?

तेव्हा मी कोटेशनमध्ये एक ओळ घातली. कॅमेरा इतके, कॉलर माइक इतके, ड्रोन इतके, प्रवास इतका, आणि मग: 'वाट पाहणे – १४ दिवस'. दर माझ्या रोजच्या दराच्या निम्मा लावला होता. वाट पाहताना माणूस बसलेला असतो.

मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. आबा, मुख्याध्यापक बाई, पीटीचे सर आणि मी. भिंतीवर शिक्षणमहर्षींचे फोटो, कपाटात ढाली. आबांनी चष्मा लावून कागद वरून खाली वाचला आणि त्या ओळीशी थांबले.

"हे काय रे?"

"आबा, सामना लगेच होत नाही. पाऊस येतो, पंच येत नाहीत, गाडी उशिरा येते. तोवर कॅमेरा घेऊन बसावं लागतं."

"वाट तर आम्ही पण बघतो. पन्नास वर्षं बघतोय संस्थेत. फुकट." आणि त्यांनी त्या ओळीवर लाल पेनानं रेघ ओढली.

मग वाटाघाट सुरू झाली. लग्नाची वाटाघाट पंगतीच्या दिशेनं जाते, ही कसायाच्या दिशेनं गेली. आधी सहाचे तीन भाग झाले. मग कबड्डी कापली गेली. पीटीचे सर हळहळले, पण कबड्डीच्या पोरांनाच कॅमेरा नको होता असं ते म्हणाले. शालेय कबड्डीत वजनाची अट असते आणि वजनकाट्यावर चढायच्या आधी पोरं दोन-दोन स्वेटर घालून उन्हात पळतात, ते चित्रित झालेलं त्यांना चालणार नव्हतं. माझ्या मते मालिकेतला सर्वांत उत्तम भाग तिथंच गेला. मग तिन्ही भागांची एकच फिल्म झाली, चाळीस मिनिटांची, फक्त मुलींच्या खो-खोची. आकडा एक लाख साठ हजारांवर आला. मी म्हटलं, "वर १८ टक्के जीएसटी." आबा म्हणाले, "जीएसटी कशाला? पोरी आपल्याच आहेत."

एवढं होऊनही मी हो म्हणालो त्याला कारण आहे, आणि ते उदात्त नाही. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात आणि त्याच्या मागेपुढे होतात. तालुका, मग जिल्हा, मग विभाग. हा सगळा चातुर्मास. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या धंद्याला मुहूर्त नसतो. स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो काढण्यापेक्षा मैदान बरं, असा विचार मी केला. देवाधर्मानं आणि क्रीडा खात्यानं मिळून माझ्यासाठी वेळापत्रक जुळवलं आहे असंच मला वाटलं. बायको म्हणाली, "पाऊस त्यात नाही हो."

पहिले पंधरा दिवस वाया गेले. मुली कॅमेऱ्याकडे बघून हसायच्या. मी आलो की वेण्या पुन्हा घातल्या जायच्या, तोंडाला पावडर लागायची. मी लग्नवाला म्हणून गावाला माहीत, त्यामुळे सवयीनं त्या मान कलती करून उभ्या राहायच्या. पीटीच्या सरांना 'ॲक्शन' हवी होती. ते मुलींना रांगेत उभं करून एकदम "जय हिंद" म्हणायला लावायचे. मी रोज सकाळी सहाला जाऊन दोन तासांचं निरुपयोगी चित्रण करून परत यायचो. पंधरवड्यानंतर त्यांना माझा कंटाळा आला, आणि तेव्हा कुठे फिल्म सुरू झाली. त्यांनी मला 'काका' म्हणायला सुरुवात केली तीही त्याच सुमारास. मला 'दादा' अपेक्षित होतं.

आणि खो-खोनं माझी बावीस वर्षांची विद्या एका सकाळी धुळीला मिळवली. लग्नात नवरीवर नजर ठेवली की काम झालं. खो-खोत पाठलाग करणारी मुलगी म्हणून जिच्यावर मी फोकस धरावा, ती दोन पावलांत "खो!" म्हणून खाली बसते आणि भलतीच उठून पळत सुटते. दर दोन-तीन सेकंदांनी नायिका बदलते. बसलेल्या आठजणींपैकी एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. मी डावीकडे वळावं तर खेळ उजवीकडच्या खांबाला पोचलेला. टेक्सासातल्या फुटबॉलला एक चेंडू तरी आहे, त्याच्यामागे कॅमेरा जातो. इथं तेही नाही. पहिल्या आठवड्याचं माझं चित्रण म्हणजे, एखादा गृहस्थ गर्दीत हरवलेली छत्री शोधतोय तसं.

शेवटी सरांनीच शिकवलं. "पळणारीकडे बघा," ते म्हणाले. "पाठलाग करणाऱ्या नऊ, पण आत पळणाऱ्या फक्त तीन. आणि तिघींतली सात नंबर बघा."

सात नंबर नववीत होती. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. सराव सुरू होण्याआधी ती मैदानाच्या कडेला, फक्कीच्या पोत्यावर बसून गुडघे बांधायची. वडिलांचा जुना मोजा, पंजाकडून कापलेला. तो गुडघ्यापर्यंत चढवायची, मग त्यात जुन्या गादीतल्या फोमचा चौकोनी तुकडा सरकवायची, बोटांनी चारही कोपरे सपाट करायची, वर आणखी एक मोजा. मग उभी राहून दोनदा गुडघा वाकवून बघायची. फोम जरा जरी सरकला तरी सगळं सोडून पहिल्यापासून. मी एका सकाळी ते सबंध चार मिनिटं टिपलं. सर धावत आले.

"ते कशाला काढताय? जुनं आहे ते. थांबा, नवीन नीकॅप आहेत. कपाटात."

"मग त्या का घालत नाहीत?"

"तपासणी असते ना," सर म्हणाले. "तेव्हा बाहेर काढतो."

सात नंबरच्या घरी जायचं म्हणजे पालकांची लेखी संमती हवी. मी कॅमेऱ्याची बॅग घेऊन त्यांच्या गल्लीत शिरलो आणि तीन घरं ओलांडेपर्यंत दोन बायकांनी विचारलं, "ठरलं का तिचं?" माझी बॅग गावात त्याच एका कारणासाठी ओळखली जाते. तिच्या वडिलांच्या कानावर ते माझ्याआधी पोचलं होतं. दारातच म्हणाले, "नववीत आहे हो ती अजून." मी खो-खो म्हटलं, फिल्म म्हटलं, सुवर्णमहोत्सव म्हटलं. सही मात्र मुख्याध्यापक बाई स्वतः घरी जाऊन आल्यावरच झाली. फॉर्मवर सही करताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "याचे आम्हाला काही द्यावं लागत नाही ना?"

त्या प्रश्नानं मला शिकागोची आठवण झाली. तिथल्या एका पोराच्या घरची वीज बिल थकल्यामुळे तोडली गेली होती. फिल्मवाल्यांनी अंधारातलं घर चित्रित केलं, आणि मग वीज परत यावी म्हणून पैशांची मदतही केली. चित्रित करायचं की मदत करायची, यावर शहाणी माणसं वाद घालतात. माझ्या बायकोसमोर प्रश्न वेगळाच होता: हे लिहायचं कुठल्या रकान्यात? तिनं वहीत 'किरकोळ' नावाचं पान उघडलं. दोन डझन केळी. चिकटपट्टी. एकीच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स. वडापाव अठरा, पाव जास्तीचे. एसटीचं माझं तिकीट पूर्ण, मुलींची अर्धी. बायकांना निम्मं भाडं झाल्यापासून संघापेक्षा मीच महाग पडत होतो. ऑक्टोबर संपता संपता किरकोळचं पान ड्रोनच्या पुढे गेलं. ड्रोन तोवर दोनदाच उडवला होता. वरून खो-खो म्हणजे रांगोळीत शिरलेल्या मुंग्या.

तालुक्याला मुली एक डाव राखून जिंकल्या. सगळं चित्रण उत्तम झालं, आणि फिल्मच्या दृष्टीनं काहीच उपयोगाचं नाही, कारण कुणाच्या तोंडावर काळजीच नव्हती. जिल्ह्याचा सामना पावसानं एकदा पुढे गेला, मग दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा आम्ही सकाळी सातला मैदानावर हजर. लाल मातीत घोटाभर पाणी, खांबावर कावळा. मुली मंडपाखाली भेंड्या खेळत होत्या, सात नंबर मोजे घालून तयार बसली होती, आणि मी रद्द झालेल्या दोन दिवसांचा हिशेब मनात करत होतो. तो लाल पेनाखाली गेला होता. तिसऱ्यांदा मात्र सामना झाला आणि बरोबरीत सुटून अलाहिदा डावावर गेला. तो शब्द मला फार आवडतो. उर्दूतून आला, मैदानावर बसला आणि पंचांच्या तोंडून ऐकताना एखाद्या नवाबानं निकाल राखून ठेवल्यासारखा वाटतो. एका गुणानं जिंकलो. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा माझा कॅमेरा सरांच्या चेहऱ्यावर होता, आणि सरांनी नेमके डोळे मिटून घेतले होते.

पावसानं एवढं केलं, तसं त्यानं पुढचंही केलं. मागची रांग पुढे ढकलत ढकलत विभागीय सामना नोव्हेंबरात गेला, तुळशीचं लग्न उलटून. पहिल्याच दाट मुहूर्ताच्या दिवशी. त्या दिवसाची सुपारी मी आठ महिन्यांपूर्वी घेतली होती, ॲडव्हान्ससकट, आणि नवरीच्या बापाला खो-खो समजावून सांगण्याइतका मी शूर नाही.

मग भाच्याला पाठवलं. बारावीतला पोरगा, हातात चांगला मोबाइल, गिंबल कसा धरायचा हे मी त्याला तासभर शिकवलं. पळणारीकडे बघ, सात नंबरकडे बघ, मोबाइल आडवा धर, बोलू नकोस. त्यानं सगळ्याला मान हलवली. बिनबाह्यांचा जुना टीशर्ट आणि रबरी चपला घालून तो गेला.

मी दिवसभर मांडवात होतो. मंगलाष्टकं चालू असताना खिशातला फोन थरथरत होता. आपण दोन गुणांनी हरलो, हे मला पंगतीत मठ्ठा घेताना समजलं. सात नंबरनं दुसऱ्या डावात २ मिनिटं ५० सेकंद पळती केली हेही समजलं. शेवटच्या तुकडीत तिच्या दोन्ही जोडीदार लवकर बाद झाल्या होत्या आणि ती एकटीच आत होती.

रात्री भाच्याचं चित्रण लावलं. पहिल्या डावाचं सगळं व्यवस्थित होतं, थोडं वाकडं, पण चालण्यासारखं. दुसरा डाव सुरू झाला. सात नंबर आत गेली. पंधरा-वीस सेकंद नीट दिसली. मग भाच्याचा हात हळूहळू खाली येऊ लागला. त्याला कळलंच नाही. तो खेळ बघत होता. मोबाइल चालू होता, आणि पुढची अडीच मिनिटं पडद्यावर होत्या त्याच्या दोन चपला. निळ्या पट्ट्यांच्या, कडेला लाल माती. उजवा अंगठा आधी वर, मग खाली, मग दोन्ही टाचा उचललेल्या. मागे आवाज: शिट्टी, "खो!", धपकन कुणीतरी सूर मारल्याचा आवाज, पुन्हा "खो!", सरांचं "पोल घे! पोल घे गं!" आणि भाच्याचं स्वतःचं, मी बोलू नको म्हटलं होतं त्या भाच्याचं, "अगं पळ की! पळ की गं!" शेवटी एकच मोठा ओरडा, चपला फ्रेममधून निघून गेल्या, आणि नुसती माती राहिली.

मी त्याला काहीही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं. त्या वेळी मी नवऱ्यामुलाच्या मामाचं फेट्यातलं क्लोजअप घेत होतो.

महोत्सवाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात पडदा लावला. टेक्सासवाले व्हिडिओ कॉलवर होते. तिकडे पहाट, गळ्याभोवती मफलर. फिल्म ३८ मिनिटांची झाली होती. मोज्यात फोम घालायची चार मिनिटं मी सबंध ठेवली. आबांनी खुर्चीत दोनदा चुळबुळ केली. कावळा आणि भेंड्या आल्या तेव्हा लोक हसले. मग तो सामना आला, आणि मग चपला. मी तेही कापलं नव्हतं. एक सेकंदही नाही.

आधी कुणीतरी "लाईट गेली काय?" म्हणालं. मग गप्प झाले. पुढच्या सतरंजीवर संघाच्या मुली बसल्या होत्या. "खो!" ऐकू आलं तशी एकीनं पुटपुटून कुणी कुणाला दिला ते सांगितलं. मग दुसरीनं. पडद्यावर चपला हलत होत्या आणि त्या पोरी अंधारात सगळा डाव तोंडानं खेळून दाखवत होत्या, इकडून उठली, खांबाला गेली, आता ती मागं वळू शकत नाही, आता हुलकावणी. सात नंबर गुडघ्यात तोंड घालून बसली होती. तिच्या वडिलांनी मनगटावरचं घड्याळ तोंडाजवळ धरलं होतं आणि ते सेकंद मोजत होते.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. टेक्सासातून काहीतरी बोललं गेलं पण रेंज गेली. आबा उठले, मुलींच्या पाठीवर हात ठेवत ठेवत माझ्यापर्यंत आले आणि हळूच कानाशी वाकले.

"त्या चपलांचं काही लावलं नाहीस ना बिलात?"

मला बायकोच्या वहीतलं पान आठवलं. त्या दिवशी खेळ संपल्यावर भाचा अनवाणीच मैदानात धावला होता आणि परत आला तेव्हा चपला कुणीतरी नेल्या होत्या.

"लावलंय आबा," मी म्हटलं. "दोनशे चाळीस. किरकोळात आहे."